हिशेबाच्या वहीत ज्यांची नावं नाहीत, त्यांचे आभार

शिवणकामाचा आमचा व्यवसाय लहान. मशिनं दोन, माणसं तीन. मध्यंतरी ऐन घाईत ओव्हरलॉक मशिन (कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून शिवणारं) बंद पडलं आणि १० दिवस सगळं काम खोळंबलं. तयार कपडे ऑनलाइन मागवणं तुम्हा गिऱ्हाइकांना सहज जमलं असतं, पण तुम्ही थांबलात. काहींनी तर न मागता पूर्ण मजुरी आगाऊ दिली. त्याच पैशांतून मशिनची दुरुस्ती झाली, हे तुम्हाला ठाऊकही नसेल.

कागदावर नफा दिसत असतानाही लहान धंदा बंद पडू शकतो, कारण हातात रोकड नसते. दोरा, अस्तर, भाडं, वीजबिल यांचे पैसे आधी जातात. मजुरी मागाहून येते. मोठी ऑर्डर घेतली की बिल ६०-६० दिवस अडकतं. (तगादा लावला तर पुढचं काम जातं, ते वेगळंच.) पण तुम्ही पँट आखूड करून घेता, तेव्हा ती किरकोळ रक्कम त्याच संध्याकाळी काजं-बटणं करणाऱ्या ताईंच्या हातात पडते.

चार ओळखीच्यांना आमच्याकडे पाठवणाऱ्यांचेही आभार. जाहिरात आम्हाला परवडली नसती.

आणि त्या काकू! बाही कोपरात ओढते, हे चारचौघांत न बोलता मला बाजूला घेऊन सांगितलंत. उसवताना राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तेव्हापासून माप घेताना प्रत्येकाला आधी कोपर वाकवायला सांगते.