नार्वे बघायचं राहिलं, मंत्रिमहोदय

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत राहते. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात मी आणि आमचे हे मुंबईहून क्रूझने गोव्याला गेलो. बुकिंग नाशिकमध्येच केलं. बोटीचं भाडं वेगळं आणि गोव्यात उतरल्यावरच्या ‘सांस्कृतिक गोवा दर्शना’चे माणशी ३,२०० रुपये वेगळे. छापील कार्यक्रमात जुन्या गोव्यातली चर्च, मंगेशी आणि नार्वे गावातलं सप्तकोटेश्वराचं देऊळ अशी ठिकाणं होती. मी पैसे भरले ते या शेवटच्या नावासाठी.

सप्तकोटेश्वर म्हणजे शंकर, पूर्वी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांचं दैवत. त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. पोर्तुगिजांनी दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पाडलं, तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडे नेऊन वाचवलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याला देऊळ पुन्हा बांधायला घेतलं. दारावर शके १५९० चा शिलालेख आहे. एकतीस वर्षं दर वर्षी हा लेख मी फळ्यावर लिहिला, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. शाळा, सासूबाईंचं आजारपण, मुलांची लग्नं यांतून जाणं झालंच नाही.

बोट सकाळी नऊला मुरगाव बंदरात लागली. आम्हाला उतरवलं साडेअकराला. बस सुटली बाराला आणि साडेपाचला परत हजर राहायचं. हातात राहिले साडेपाच तास. त्यातला दीड तास कळंगुटला पोचण्यात गेला, कारण ‘आधी बीच’ असं गाइडने परस्पर ठरवलं होतं. तिथे ऊन, गर्दी आणि जेवणासाठी रांग. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, वाळूत पाय रुततो. ते एका शहाळेवाल्याच्या बाकावर पाऊण तास बसून होते.

मग बस थांबली ती काजूच्या दुकानात. पन्नास मिनिटं! मी घड्याळ लावून मोजली. दारातच एक मुलगा ताटलीत मसाला काजूचे तुकडे घेऊन उभा होता आणि गाइड आत काउंटरपाशी खुर्चीवर चहा पीत होता. मी दोनदा जाऊन म्हटलं, नार्व्याला उशीर होतोय. तो म्हणाला, “काकू, नार्वे आज नाही होणार. बोट कुणासाठी थांबत नाही.” मंगेशीचंही तेच झालं. पन्नास मिनिटं काजूंसाठी होती, महाराजांच्या शिलालेखासाठी पाच मिनिटं नव्हती.

जुन्या गोव्यात पोचलो चार वाजता. ज्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, त्याची उरलेली कमान खिडकीतून सरकन मागे गेली. मी ओरडून शेजारच्यांना दाखवली, तोवर ती दिसेनाशी झाली होती. ज्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह आहे, त्या बॉम जेझसच्या बाहेर पंधरा मिनिटं मिळाली. ती फोटो काढण्यात आणि संडास शोधण्यात गेली. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही वास्तू, आणि गाइड म्हणाला, “आत काही विशेष नाही.” मला रडू आलं. ह्यांनी माझा हात धरला आणि आम्ही बसमध्ये जाऊन बसलो.

बसमध्ये आम्ही चाळीस जण होतो, म्हणजे एका बसचे एक लाख अठ्ठावीस हजार रुपये. अशा सहा-सात बसेस तरी धक्क्यावर उभ्या होत्या. हिशेब तुम्हीच करा.

परत आल्यावर तीन पत्रं लिहिली. एजंट म्हणतो, बोटवाल्यांना विचारा. बोटवाले म्हणतात, टूर दुसऱ्या कंपनीची आहे. एका सरकारी कार्यालयाने दोन ओळींत कळवलं की विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. गोवा दुसरं राज्य आहे हे मला कळतं. पण बोट मुंबईहून सुटली, पैसे नाशिकमध्ये घेतले, फसलेली माणसं महाराष्ट्राची. मग हे बघायचं कुणी?

२०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने क्रूझ भारत मिशन सुरू केलं. २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे आहेत म्हणे. दुप्पट करा, पण त्या माणसाला किनाऱ्यावर किती तास मिळतात, त्यातले किती दुकानात जातात, हे कोण मोजतं? प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार हे पावतीवर छापायची सक्ती करा. ठिकाण गाळलं तर तिथल्या तिथे पैसे परत. आणि गाइडला त्या गावाची माहिती आहे की नाही, हे तपासल्याशिवाय त्याला बिल्ला देऊ नका. माझं मागणं एवढंच.

आणि साहेब, हे फक्त बोटीपुरतं नाही. माझ्या गॅलरीतून मी रोज बसेस बघते. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, चाळीस मिनिटांत सगळं, की चला शिर्डी. काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, हे सांगणारा गाइड मला अजून भेटायचाय. पांडवलेणी तर यादीतच नसतात. तिथे तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका आईने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम दगडात कोरून ठेवलाय. २०२७ च्या सिंहस्थाला जग नाशिकला येणार, तेव्हा त्यांनाही आम्ही बसच्या काचेतून गाव दाखवणार आहोत का? रस्ते, घाट, पूल यांच्या निविदा पेपरात रोज वाचते. गाव समजावून सांगणारी माणसं तयार करायला किती पैसे ठेवलेत, ते कुठेच वाचलं नाही. सगळीकडे माणूस मोजायचा, त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि पुढे ढकलायचा. तीर्थात तेच, पर्यटनात तेच, सरकारी दवाखान्याच्या रांगेतही तेच. मी बासष्ट वर्षांची आहे, हे बघून बघून थकले.

नार्व्याच्या देवळाचा २०२३ साली जीर्णोद्धार झाला. ह्यांचे गुडघे साथ देतील तोवर आम्ही आमचे आम्ही रेल्वेने जाऊ. पण ६,४०० रुपये मला परत हवेत आणि उत्तरही हवं, ‘अखत्यारीत येत नाही’ याच्यापेक्षा वेगळं.

पावतीची आणि छापील कार्यक्रमाची प्रत सोबत जोडली आहे. ‘नार्वे’ या शब्दाखाली लाल शाईने रेघ मारली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पंचवटी, नाशिक