मोफत सॉफ्टवेअर बसवण्याआधी तपासून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावोगावच्या संगणकांवर मोफत अँटीव्हायरस आणि 'पीसी फास्ट' करणारी सॉफ्टवेअर सर्रास टाकली जात आहेत, त्याबद्दल हे पत्र. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोकांचे आधार, बँकेचे पासबुक, सातबारा, पोरांच्या टीसी, सारे माझ्या संगणकावर स्कॅन होते. त्यामुळे कोणतेही नवे सॉफ्टवेअर मी आधी घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघते, पटले तरच केंद्रात आणते.

आमच्याकडे व्हायरस येतो तो बहुतेक पेनड्राईव्हमधून. फोटो स्टुडिओ, झेरॉक्सचे दुकान, कॉलेजची लॅब असा फिरत फिरत तो आमच्या टेबलावर पोचतो. मागे एक कास्तकार मुलीचा पेनड्राईव्ह घेऊन आले. "म्याडम, पोरीच्या फायली कुठी गेल्या वं? नुसते बाणच दिसून रायले." तालुक्याच्या एका दुकानात त्यांना 'फॉरमॅट मारा' असे सांगितले होते. लावून पाहिले तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट, साइझ जेमतेम केबीत. फायली कुठेच गेल्या नव्हत्या. व्हायरसने त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टीम' अशा खुणा लावून लपवले होते, आणि त्या बाणावर डबल क्लिक केले की तोच व्हायरस संगणकात शिरतो. आधी पूर्ण पेनड्राईव्ह स्कॅन केला, मग कमांड प्रॉम्प्टवर 'अॅट्रिब' कमांड देऊन दोन्ही खुणा काढल्या. मुलीच्या मार्कशीट आणि फोटो जसेच्या तसे परत दिसले. यातले काहीच विकत घ्यावे लागले नाही.

स्कॅन केला तो डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसने. विंडोज 10 आणि 11 मध्ये तो आधीपासूनच असतो, त्याला पैसे नाहीत आणि मुदतही नाही. तरी लोक मोबाइलवर 'टॉप टेन फ्री अँटीव्हायरस' बघून येतात आणि एकावर एक दोन-तीन टाकायला सांगतात. एकाच पंपात दोन औषधे कालवून फवारणी करावी तशातली ही गत. दोन्ही एकाच फाइलवर तुटून पडतात, एकमेकांनाच व्हायरस समजतात आणि चार जीबी रॅमचा संगणक जागीच बसतो. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप मागे सरतो, म्हणून एक काढल्याशिवाय दुसरा बसवू नये.

टाकलेला अँटीव्हायरस खरेच जागा आहे का, हे बघायची सोय आहे आणि ती फार कमी जणांना माहीत आहे. आयकार या संस्थेने 68 अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ तयार केली आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली की चांगल्या अँटीव्हायरसने तिला व्हायरस समजून अडवायला हवे. घरच्या लॅपटॉपवर डिफेंडरने सेव्ह होताच इशारा दिला आणि फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकली. ज्या सॉफ्टवेअरला ही ओळही दिसत नाही, ते काढून टाकावे.

'क्लीनर', 'बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. स्कॅन केले की लाल अक्षरात शेकडो 'एरर' दाखवतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. टेम्पररी फायली काढायला विंडोजचे स्वतःचे डिस्क क्लीनअप पुरते. नावाजलेल्यांचेही डोळे झाकून खरे धरता येत नाही. 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत हल्लेखोरांनी व्हायरस घुसवला, तोही कंपनीच्याच अधिकृत डाउनलोडमध्ये, आणि ती आवृत्ती सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर गेली. अवास्ट ही अँटीव्हायरस कंपनी आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. 2020 मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. ज्याच्या संगणकावर दुसऱ्यांचे आधार आहे, त्याने हे वाचलेच पाहिजे.

याच कारणाने लोकांचे कागद व्हायरसटोटलवर तपासायला टाकू नयेत. संशयित फाइल अनेक अँटीव्हायरसकडून एकदम तपासून घ्यायला ती साइट उत्तम आहे, पण तिथे टाकलेली फाइल इतर कंपन्यांपर्यंतही जाते. शिवाय बरेच मोफत अँटीव्हायरस फक्त घरगुती वापरासाठी असतात. आमच्यासारख्या केंद्रांनी परवान्याच्या अटी वाचूनच ते घ्यावेत.

सगळ्यात घातक म्हणजे क्रॅक, म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर पैसे न भरता चालू करून देणारा चोरटा प्रोग्रॅम. विंडोज किंवा ऑफिसचा क्रॅक टाकून देणारा आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतो. एवढ्यावरून तरी लोकांनी ओळखावे.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. गावातले कितीतरी संगणक विंडोज 11 घेऊ शकत नाहीत, कारण प्रोसेसर जुने आहेत. घरगुती संगणकाला नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसेही लागत नाहीत. ही गोष्ट आमच्या भागात कोणी सांगितलीच नाही. विंडोजला अपडेट नसतील तर नुसत्या अँटीव्हायरसने भागत नाही.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 2017 पासून सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले आहे. तिथे बॉट (संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारा व्हायरस) काढणारी साधने आणि पेनड्राईव्हवर लक्ष ठेवणारे 'यूएसबी प्रतिरोध' मोफत मिळते. जिल्हा प्रशासन आम्हा केंद्रचालकांची प्रशिक्षणे घेते, त्यात अर्ज कसा भरायचा ते शिकवतात, संगणक कसा सांभाळायचा ते नाही. त्यात एक तास यासाठी ठेवावा, अशी जिल्हाधिकारी कार्यालयाला विनंती आहे.

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे. डिफेंडर चालू आहे का हे कसे बघायचे, अपडेट कसे घ्यायचे, लपलेल्या फायली कशा परत आणायच्या, हे स्क्रीनच्या चित्रांसह मराठीत छापावे. खरिपाच्या पीकविम्याची गर्दी सुरू झाली की आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. त्याआधी आले तर मी ते कापून केंद्राच्या भिंतीवर लावेन.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक, ता. आर्णी, जि. यवतमाळ