डिमोटिव्हेट केलं कुणी?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय संत्या,

पत्र मिळालं. रडगाणं नंतर ऐकतो, आधी तुझं इंग्रजी दुरुस्त करतो, कारण मुलाखत तोंडावर आलीय. ‘आय ॲम डिमोटिव्हेटिंग’ असं लिहिलंयस. मर्दा, त्याचा अर्थ ‘माझ्यामुळं बाकीच्यांचं अवसान गळतं’ असा होतो! उमेद घालवणारी गोष्ट ती डिमोटिव्हेटिंग, उमेद गेलेला माणूस तो डिमोटिव्हेटेड. बोअरिंग आणि बोअर्डचंही तसंच. आणि ‘अनमोटिव्हेटेड’ नको म्हणू. त्यातून उमेद नाही एवढंच कळतं. होती आणि गेली, हे कळत नाही. तुझी तर होती. लायब्ररीतनं तुला रंकाळ्यावर ओढत न्यावं लागायचं.

मूळ क्रियापद सकर्मक आहे. आपण ‘खचलो’ म्हणतो, विषय तिथंच संपतो. इंग्रजीत ‘डिमोटिव्हेटेड’ म्हणालास की पॅनेलवरचा माणूस ‘कशानं?’ विचारणारच. मीही तेच विचारतो.

मला संशय तुमच्या क्लासच्या रँकलिस्टवर आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. चित्रं काढायची हौस असलेली बालवाडीतली पोरं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सर्टिफिकेट देऊ. काहींना ते काढून झाल्यावर अचानक दिलं, बाकीच्यांना काहीच नाही. पुढं मोकळ्या वेळात बघितलं, तर ज्यांना सर्टिफिकेट आधी कबूल केलं होतं, ती पोरं चित्रांकडं बाकीच्यांच्या निम्मीच वळत होती. अचानक मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत!

शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा दरबारात काय खळबळ उडाली असेल, यावर तू तासभर बोलायचास. आता त्यातलं साल तेवढं पाठ करतोस, मार्कांसाठी. स्पर्धा परीक्षेत रँक टळत नाही, कबूल. पण दर रविवारी ती भिंतीवर बघायलाच हवी काय? दोन आठवडे त्या बाजूला फिरकू नकोस. रोज एक प्रकरण बिनमार्काचं वाच.

उत्तर इंग्रजीत पाठव, कर्ता घालून. तुझ्या आईनं कांदालसूण चटणी करून ठेवलीय. कुणी पुण्याला येणार असेल तर कळव, देऊन टाकतो.

तुझा,
दिग्या