‘सुपर 70’ म्हणून पाठवलेला पिकअप हमबकर नाही : परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वर्णनापेक्षा वेगळी वस्तू पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या संकेतस्थळावरून मी इलेक्ट्रिक गिटारचा एक जुना पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपून ॲम्पकडे पाठवणारा चुंबक-कॉइलचा भाग, मागवला. तिथे लिहिलं होतं : ‘मॅक्सन सुपर 70, हमबकर, अल्निको, 1976–77, जपान, लॉसूट काळातला, ब्रिजसाठी, तपासलेला.’ कुरियरसह 16,850 रुपये आगाऊ भरले. पार्सल चौथ्या दिवशी आलं, बांधणीही उत्तम होती. पण आतली वस्तू सुपर 70 नाही. ती हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअपसुद्धा नाही. वर हमबकरचं कव्हर आहे आणि आत एकच कॉइल आहे.

याबद्दल मी आपल्याला दोन फोन आणि एक मेल केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं : मीटरवर 8 किलोओहम येतात, सुपर 70 चेही तेवढेच येतात, म्हणजे माल बरोबर आहे, आणि जुना माल आम्ही परत घेत नाही. या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही. का, ते नीट कळावं म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हा पिकअप ज्या गिटारसाठी हवा होता ती माझ्या मामांची. मामा जहाजावर होते. 1977 मध्ये कोबे बंदरात जहाज लागलं असताना त्यांनी ही आयबानेझ आर्टिस्ट, जपानी गिटार, विकत घेतली आणि पुढची वीस वर्षं मडगावला तियात्राच्या बँडमध्ये वाजवली. तिचा सिरीयल नंबर ‘जी 76’ ने सुरू होतो. त्या काळच्या आयबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात, म्हणजे गिटार जुलै 1976 ची. दोन्ही पिकअप, दांडीजवळचा नेकचा आणि तारा टेकतात त्या पट्टीजवळचा ब्रिजचा, मूळचे सुपर 70 होते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ब्रिजचा पिकअप गेला. कॉइलची तार केसाहून बारीक असते. डाख दिलेल्या टोकाशी तिला हिरवट गंज चढला की ती तुटते आणि मीटर काहीच दाखवत नाही. मामा गेल्यावर गिटार माझ्याकडे आली. कुठलाही नवा पिकअप बसवून ती कधीच वाजती झाली असती. मला ती मामांच्या हातात जशी होती तशी हवी होती, म्हणून तीन वर्षं थांबून पैसे साठवले आणि आपल्यावर विश्वास ठेवून ऑर्डर दिली.

हे सांगण्याचं कारण एवढंच की माझ्या टेबलावर दोन अस्सल सुपर 70 आहेत, नेकचा चालू आणि ब्रिजचा बंद. आपण पाठवलेला मी त्यांच्या शेजारी ठेवून तपासला. तार कापली नाही, डाख दिला नाही, कव्हर उघडलं नाही. जोडणी फक्त चिमट्यांनी केली.

कव्हरवरून काहीच ठरत नाही हे मलाही मान्य आहे. सहा स्क्रू बाहेर दिसतात आणि दुसऱ्या कॉइलचे सहा खिळे कव्हरखाली झाकलेले असतात, त्यामुळे आत दोन कॉइल असोत की एक, वरून रूप तेच. माझ्या दोन्ही पिकअपच्या मागच्या पत्र्यावर कारखान्याचा शाईने मारलेला आकड्यांचा शिक्का आहे, आपल्या पिकअपवर तो नाही. तरी मी तक्रार त्यावर उभी करत नाही. पन्नास वर्षांत शाई पुसली जाऊ शकते.

पण चुंबक पुसला जात नाही. हमबकरमध्ये दोन कॉइलखाली एकच चपटा चुंबक आडवा असतो. त्याचं एक टोक स्क्रूंच्या ओळीला लागतं, दुसरं खिळ्यांच्या ओळीला. त्यामुळे एका ओळीवर उत्तर ध्रुव येतो आणि दुसऱ्या ओळीवर दक्षिण. सेथ लव्हर यांनी गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीसाठी ज्या रचनेच्या पेटंटचा अर्ज 1955 मध्ये केला आणि ज्याचं पेटंट 1959 मध्ये मिळालं, तिचा गाभाच हा आहे : ध्रुव उलटे आणि कॉइलची जोडणीही उलटी, म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकांना मारते. मी दहा रुपयांचं होकायंत्र घेतलं. नेकच्या सुपर 70 वर ते स्क्रूंच्या बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेलं की सुई फिरून उलटी होते. बंद पडलेल्या पिकअपवरही तसंच, कारण कॉइल मेली तरी चुंबक जिवंत आहे. आपल्या पिकअपवर सुईचं एकच टोक दोन्ही बाजूंना ओढलं जातं. सुई फिरतच नाही.

मग छोट्या स्टीलच्या चावीने कव्हरवर हलकेच टकटक केलं. अस्सल पिकअपवर दोन्ही बाजूंनी ॲम्पमध्ये सारखा ठोका येतो. आपल्या पिकअपवर तो मधोमध मोठा येतो आणि दोन्ही कडांकडे विरत जातो. शेवटी दोन्ही चालू पिकअप आळीपाळीने ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर अंतरावर धरले. नेकचा जवळजवळ शांत राहतो. आपला घुमतो, आणि जागच्या जागी फिरवला की ती घुमण कमीजास्त होते. एकाच कॉइलच्या पिकअपचं हे वागणं गिटार वाजवणाऱ्या कुणालाही ओळखू येईल. तिन्ही चाचण्यांचे व्हिडिओ सोबत पाठवले आहेत.

आता आपल्या 8 किलोओहमविषयी. मीटर फक्त तारेचा रोध सांगतो. कॉइल किती, वेढे किती, चुंबक कुठला, यातलं काही तो सांगत नाही. 42 गेजऐवजी 43 गेजची बारीक तार वापरली तर तितक्याच वेढ्यांना रोध सुमारे सव्वापट होतो. एकाच कॉइलवर बारीक तारेचे जास्त वेढे भरले की आकडा सहज 8 पर्यंत जातो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. माझा नेकचा पिकअप पुण्यात जानेवारीच्या सकाळी, खोलीत 16 अंश असताना 7.7 दाखवत होता. तोच मे महिन्यात 36 अंशांना 8.3 दाखवतो. पिकअप एकच, आणि फरक 0.6 चा. हा आकडा एवढा सैल असेल तर त्यावरून आपण पिकअपचं नाव आणि साल कसं काय लिहिता?

आपण फसवणूक केली असं मी म्हणत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गिब्सनच्या लेस पॉल गिटारच्या कितीतरी जपानी नकलांमध्ये हमबकरच्या कव्हरखाली एकच कॉइल बसवलेली असे. आपल्याकडे आलेला त्यातलाच असावा. तोही जुना आहे, त्याचाही वेगळा उजळ आवाज आहे, आणि योग्य नावाने, योग्य किमतीला विकला तर तो घेणारेही भेटतील. पण मॅक्सन या नावाने जपानमधल्या मात्सुमोतोच्या निश्शिन ओन्पा कंपनीने बनवलेला सुपर 70 ही वेगळी वस्तू आहे. आयबानेझसाठी आणि ग्रेकोसाठी पिकअप बनवणारी, पुढे ट्यूब स्क्रीमर पेडल बनवणारी हीच ती कंपनी. तिचं नाव आपण लावता तेव्हा त्या नावाचे पैसे आम्ही मोजतो.

‘लॉसूट काळातला’ हे शब्दही कृपया काढावेत. लॉसूट म्हणजे कोर्टातला दावा. तो जून 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर केला होता, आणि तो गिटारच्या डोक्याच्या आकाराबद्दल होता. पिकअपचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आपल्या यादीत टोकाई, ग्रेको, बर्नी अशा सगळ्या जपानी ब्रँडपुढे हेच लिहिलेलं आहे. त्याने किंमत वाढते, पण वस्तू काय आहे ते कळत नाही.

‘जुना माल परत घेत नाही’ हा आपला नियम इथे लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खालच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे (2020) जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत देणं आणि ती एका महिन्यात सोडवणं हेही त्याच नियमांत आहे. माझ्या मेलला आज सोळा दिवस झाले.

माझी मागणी अशी : पिकअप आपल्या खर्चाने परत न्यावा आणि 16,850 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. आपल्याकडे खरा सुपर 70 असेल तर मला अजूनही तो हवा आहे. फक्त पाठवण्याआधी मागच्या पत्र्याचा स्पष्ट फोटो आणि होकायंत्राची चाचणी दाखवावी, मी ठरलेली किंमत देईन. आणि संकेतस्थळावर सध्या आणखी चार ‘सुपर 70’ आहेत. तिसऱ्या फोटोतल्या पिकअपच्या कव्हरवर बोटांची नक्षी कोरलेली दिसते. ती सुपर 80 ची खूण आहे. कुणी पैसे भरण्याआधी त्या चारही पिकअपची वर्णनं तपासून घ्यावीत.

महिना संपेपर्यंत निर्णय कळला नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तशी वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, कारण हे सुटे भाग आणून विकणारे आपल्याकडे फार थोडे आहेत.

पिकअप आपल्याच खोक्यात, आपल्याच फोममध्ये बांधून ठेवला आहे. कुरियर कुठल्या दिवशी येईल तेवढं कळवावं.

आपला,
(सही)
पुणे

सोबत : बिलाची प्रत, वर्णनाच्या पानाचा फोटो, तिन्ही पिकअपच्या मागच्या बाजूचे फोटो, चाचण्यांचे तीन व्हिडिओ.