अक्षयच्या घरी जा

लातूर

चि. पप्पू, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस, म्हणून लिहायला बसले. जेवायलास का नीट? येळवशीला, वेळ अमावास्येला, शेतातल्या कोपीपाशी जे सांगितलंस ते मी अप्पांनाही बोलले नाही. गाडी तू चालवत होतास, अक्षयच्या पायात रॉड पडला, आणि ते लेकरू अजून घरी ‘मीच चालवत होतो’ म्हणतंय. ‘आई, मी त्या बोजॅकसारखाच आहे, नीच,’ म्हणालास. हातातल्या आंबिलीच्या पेल्यावर माशी बसली तरी तुला कळलं नाही.

सोनीकडून मी ती ‘बोजॅक हॉर्समन’ मालिका लावून घेतली. 2014 ते 2020, सहा सीझन. ती मराठीत सांगायची, मी बघायचे. घोड्याच्या तोंडाचा नट, वाटलं पोरांचं कार्टून असेल. पण चौथ्या सीझनमध्ये सकाळी उठल्यापासून डोक्यातला आवाज त्याला शिव्या घालत राहतो, तिथं मला बसवेना. तुझ्याही डोक्यात असंच चालतं का रे? रात्री फोन बंद ठेवू नकोस.

स्वतःचा एवढा तिटकारा करणारा तो, पण लहानपणी त्याच्याबरोबर मालिकेत काम केलेली सारा लिन नशेत निपचित पडली तेव्हा मदत बोलवायला 17 मिनिटं थांबला. का, तर आपल्यावर बालंट येऊ नये! त्याच्या त्या शिव्यांचा त्या पोरीला काय उपयोग झाला? पुढं तुरुंगात गेला तोही दुसऱ्याच कारणानं, परक्याच्या घरात घुसला म्हणून. त्याची मैत्रीण डायान त्याला सांगते की माणूस चांगला किंवा वाईट असा नसतोच, आपल्या करणीची जबाबदारी आपणच घ्यायची. आणि नुसतं सांगून थांबत नाही, व्यसनमुक्ती केंद्राच्या दारापर्यंत नेऊन सोडते. ती मला फार आवडली.

बघ, वर्गात शिकवल्यासारखं सुरू झालं माझं. राग मानू नको.

सहावीत होतास. मामाच्या म्हशी तात्यांच्या ज्वारीत शिरल्या, कुणी बघितलं नव्हतं, तरी तू आपण होऊन सांगायला गेलास. तात्यांनी कान असा पिळला की संध्याकाळपर्यंत लाल होता, आणि त्याच रात्री त्यांच्याच आगटीवर बसून तू हुरडा खाल्लास. मामा अजून पाव्हण्यारावळ्यांत सांगतो ते. ते पोरगं नीच कसं असेल रे? आणि काल रात्रीही फोन लागला नाही.

अक्षयच्या आईला खरं सांग. ती बोलेल, बोलू दे. माफी मिळो न मिळो, लेकाची चूक नव्हती एवढं त्या माउलीला कळलं पाहिजे. दवाखान्याच्या खर्चाचं मी अप्पांशी बोलते, पण तू सांगितल्यावर; सोयाबीन अजून घरातच आहे. एकट्याला जायला धीर होत नसेल तर शनिवारी सकाळच्या एसटीनं मी पुण्याला येते, दोघं मिळून जाऊ. नको म्हणू नकोस, पिशवी भरून ठेवलीय.

तुझी आई