विमान दिसले, एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून नियमित विमाने सुरू झाल्यापासून एक प्रश्न शहरात वरचेवर कानावर येतो. आकाश निरभ्र, धावपट्टी समोर स्वच्छ दिसते आहे, मग विमान इतके खाली येऊन पुन्हा वर का गेले? लगेच ‘थोडक्यात वाचले’ अशी चर्चा सुरू होते. या कामाची जवळून माहिती असलेले म्हणून आम्हाला सांगावेसे वाटते की पुष्कळदा ते वर जाणे हाच अपघात टाळण्याचा सरळ मार्ग असतो.

हवा चांगली असली की वैमानिकाला व्हिज्युअल अप्रोच मिळू शकतो. म्हणजे उपकरणांनी आखलेला पूर्ण मार्ग न उडता जमीन आणि धावपट्टी डोळ्यांनी पाहत उतरायचे. वेळ आणि इंधन वाचते. पण पुढे दुसरे विमान असेल आणि ‘ते दिसते आहे, अंतर मी राखतो’ असे वैमानिकाने कबूल केले, तर ते अंतर राखणे ही त्याची जबाबदारी होते. ‘ट्रॅफिक इन साइट’ हे शब्द म्हणूनच जपून उच्चारायचे असतात. २५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोला उतरणाऱ्या बोइंग ७२७ च्या वैमानिकांनी पुढचे सेसना जातीचे छोटे विमान दिसल्याचे सांगितले. नंतर ते नजरेआड झाले, पण ‘आता दिसत नाही’ असे त्यांनी टॉवरला (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला) स्पष्ट सांगितले नाही. टक्कर होऊन १४४ माणसे गेली. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनला हेलिकॉप्टरमधल्यांनीही विमान दिसत असल्याचे सांगून अंतर स्वतः राखण्याची परवानगी घेतली होती. तिथेही टक्कर होऊन ६७ जण गेले.

दिसणे इतके फसवे का असते? समजा समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा एकत्रित वेग २४० नॉट (तासाला २४० सागरी मैल) आहे. म्हणजे मिनिटाला ४ सागरी मैल. ठिपका दिसणे, ते विमान आहे हे कळणे, धोका ओळखणे, हात हलणे आणि विमानाने वळणे, या सगळ्याला साधारण साडेबारा सेकंद लागतात असे वैमानिकांना शिकवले जाते. तेवढ्या वेळात दोघांमधले दीड किलोमीटर संपतात. आणि दीड किलोमीटरवरचे सेसना केवढे दिसते? हात लांब करून चिमटीत मालदांडी ज्वारीचा एक दाणा धरा. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुरळ्यात, खाली घरांची छपरे आणि काळी शेते असताना, तो दाणा शोधायचा असतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. टक्करीच्या मार्गावर असलेले विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी थांबलेले दिसते, फक्त हळूहळू मोठे होते आणि अगदी शेवटी एकदम फुगते. सरकणारी वस्तू डोळा चटकन पकडतो, स्थिर ठिपक्याला काचेवरचा डाग समजून सोडून देतो. म्हणून नजर सरसर फिरवून उपयोग नाही. आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे, प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबायचे, आणि काचेच्या चौकटीमागचे दिसावे म्हणून डोके पुढे-मागे हलवायचे. टॉवरने ‘दोन वाजता, चार मैल’ (विमानाचे नाक घड्याळाच्या बारावर धरले तर दोनच्या दिशेला) असे सांगितले तर तेही जसेच्या तसे घेऊन चालत नाही. रडारवर विमानाचा प्रवासमार्ग दिसतो, नाकाची दिशा नाही. आडव्या वाऱ्यात नाक दहा अंश वळवून उडत असाल तर शोधायची जागाही तेवढीच सरकते.

विमानाची रचनाही आड येते. पंख वर असलेले सेसना वळताना नेमके वळणाच्या बाजूचे आकाश झाकते. पंख खाली असलेल्या विमानाला आपल्या खालचे दिसत नाही. खालचे वर पाहू शकत नाही, वरचे खाली पाहू शकत नाही, अशी जोडी फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, जमली तर दोघेही आंधळे. म्हणून बेसवरून, म्हणजे त्याआधीच्या आडव्या टप्प्यावरून, वळण्यापूर्वी क्षणभर पंख उचलून फायनलची पूर्ण रेषा बघायची, आणि आधी कोण उतरणार हे रेडिओवर पक्के केल्याशिवाय वळायचे नाही.

सोलापूरला धावपट्टी एकच. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटमुळे या भागात हेलिकॉप्टर आणि छोटी विमानेही येतात, त्यामुळे वेगातला फरक महत्त्वाचा. छोटे विमान ६५ नॉटने ३ मैलांवर आहे आणि मागे ११० नॉटने येणारे एटीआर हे मोठे प्रवासी विमान ५ मैलांवर आहे असे धरा. दोन मैलांचे अंतर ऐसपैस वाटते. हिशेब केला तर दोन्ही सुमारे पावणेतीन मिनिटांत धावपट्टीच्या एकाच टोकाला पोहोचतात! पुढच्याला धावपट्टी मोकळी करायला लागणारा वेळ वेगळाच. यावर इलाज लवकर करावा लागतो: डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जायचा टप्पा) लांबवणे, वेग आधीच कमी करणे. फायनलवर आल्यावर नागमोडी वळणे घेऊन फार तर काही सेकंद मिळतात. उलट छोटे विमान एटीआरच्या मागे असेल तर पंखांमागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांपासून वाचायला ५ मैलांचे अंतर लागते, आणि ते भोवरे खाली बसतात म्हणून पुढच्याच्या मार्गाच्या किंचित वरून यायचे.

‘टक्कर टाळणारे यंत्र असते की’ असेही ऐकतो. असते, आणि त्याचा ‘चढा’ किंवा ‘उतरा’ हा आदेश टॉवरच्या सूचनेपेक्षाही वरचा. पण जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली ते असे आदेश देतच नाही. नेहमीच्या ३ अंशांच्या उतारावर याचा अर्थ शेवटचे ३ मैल. शिवाय समोरच्याचा ट्रान्सपाँडर (आपली ओळख आणि उंची रेडिओवर कळवणारे यंत्र) बंद असेल तर यंत्राला ते विमान दिसतच नाही.

म्हणून साधा दंडक असा: पुढचे विमान नजरेआड झाले, की त्याच क्षणी तसे टॉवरला सांगायचे. ५०० फुटांपर्यंत वेग, उतार, दिशा जमली नसेल किंवा धावपट्टी मोकळी होण्याची खात्री नसेल, तर इंजिन वाढवून वर जायचे. यात लाजण्यासारखे काही नाही.

जमिनीवरच्यांसाठीही एक आकडा. धावपट्टीच्या टोकापासून २ किलोमीटरवर उतरणारे विमान जेमतेम ४०० फुटांवर असते. होटगी रस्त्याच्या आसपास लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन उडवणाऱ्यांनी आधी ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाचा नकाशा पाहावा. वैमानिकाला ज्वारीच्या दाण्याएवढे सेसना दिसत नाही, ड्रोन काय दिसणार?

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती. पुढच्या वेळी विमान वर गेले, की बातमीत तीन गोष्टी विचारून छापाव्यात: ते किती उंचीवरून परतले, त्या वेळी धावपट्टीवर किंवा पुढे काय होते, आणि किती मिनिटांनी ते उतरले.

आपले,
विमान वाहतुकीशी संबंधित काही सोलापूरकर