दुधाचे सांगतो, तसे शेणाचेही सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रावेर-यावल पट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी झाली. गाईला दगडी (कासेची सूज) झाली आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले, की अमुक दिवस दूध डेअरीला घालू नका, हे मालकाला बजावून सांगितले जाते. शेणाचे मात्र कोणी काही सांगत नाही. वास्तविक या औषधाचा मोठा हिस्सा मूत्र आणि शेणावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. गोठ्यातून उकिरड्यावर, तिथून ट्रॉलीत आणि मग थेट केळीच्या वावरात.

आपली काळी जमीन चिकणमातीची. हे औषध तिच्या कणांना घट्ट धरून बसते, मग जिवाणू त्याच्यापर्यंत सहजी पोचत नाहीत. जमीन सगळे पचवते, असे म्हणून मोकळे होता येणार नाही.

मातीतले जिवाणू औषधे खातात, हे खरे आहे. हगवणीला आपण सल्फाडिमिडीन या अशाच दुसऱ्या औषधाचे बोलस, म्हणजे मोठ्या गोळ्या, देतो. कॅनडात ऑन्टारियोतल्या एका प्रयोगाच्या शेतात हे औषध दरवर्षी मातीत मिसळले. दहा वर्षांनी त्या मातीत ते नव्या मातीपेक्षा कितीतरी लवकर संपू लागले होते. त्यावर पोसणारा मायक्रोबॅक्टेरियम गटातला जिवाणूही तिथे सापडला. 2013 साली हे प्रसिद्ध झाले. पण एवढ्याने हुरळून जाऊ नये. औषध खाणारा जिवाणू एखादाच, नुसते सहन करायला शिकणारे पुष्कळ. आणि हा गुण ते एकमेकांना देतात, रोग करणाऱ्यांनाही. मग तेच इंजेक्शन उद्या गाईला लागू पडत नाही, माणसालाही नाही.

म्हणून औषध संपवायचे हे काम वावरात न्यायचेच नाही, उकिरड्यावर उरकायचे. अमेरिकेत औषध दिलेल्या वासरांचे शेण पेंढ्यात मिसळून नीट कुजवले, तेव्हा तपासणीत सापडणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन 35 दिवसांत जवळजवळ नाहीसे झाले. तेच शेण न तापता नुसते ठेवले, तर फार तर पाव भाग कमी झाला. हा अभ्यास 2007 चा आहे.

आपला उकिरडा असा तापत नाही. वरचा वाळलेला पापुद्रा काढून फावडे घाला, खाली हिरवे, गिच्च, आंबूस वासाचे शेण निघते. आत हवाच जात नाही. उपचार चालू असलेल्या जनावराचे शेण वेगळे काढावे, त्यात केळीचा वाळलेला पाला आणि कडब्याचा चुरा मिसळावा, ओल राखून ढीग वर-खाली करावा. आत हात घातला तर चटका बसला पाहिजे. जीवामृताला, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवखताला, तर ते शेण मुळीच घेऊ नये. ज्यात जिवाणू वाढवायचे, त्यातच जिवाणू मारणारे औषध कशाला?

पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे की, उपचाराच्या कागदावर दुधाच्या मुदतीखाली शेणाचीही एक ओळ छापावी. ती मुदत किती असावी, हे पालच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने मिळून तपासावे; इथल्या उन्हात, इथल्याच पाल्याचा ढीग लावून. कांदेबागेसाठी, म्हणजे केळीच्या पावसाळ्याअखेरच्या लागवडीसाठी, वावरात शेणखत पडायच्या आत हे आकडे शेतकऱ्यांच्या हाती यावेत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. रावेर, जि. जळगाव